पिलांआधी विद्या

(समितीच्या वार्षिक सभेत वाचलेले भाषण. देणगीदारांच्या माहितीसाठी अहवालासोबत छापले आहे.)



आमच्या समितीच्या नावात दुष्काळ हा शब्द आहे. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या किनाऱ्यावर मात्र आषाढ-श्रावणात इतका पाऊस कोसळतो की, परगावचा मनुष्य ते नाव वाचून हसल्याशिवाय राहत नाही. परंतु आपण येथे राहणारी मंडळी जाणता की आमचा दुष्काळ निराळ्या जातीचा आहे. तो वैशाखात विहिरीच्या तळाशी दिसतो. खारेपाटात बांध फुटून समुद्राचे पाणी भाताच्या खाचरांत शिरले म्हणजे दिसतो. आणि सर्वांत अधिक, हाताला काम नसलेल्या घराच्या चुलीपाशी दिसतो. मेघ भरपूर आणि मडके रिकामे, असा हा प्रकार आहे. म्हणून त्याच्या निवारणाचे उपायही थोडे निराळे असावे लागतात. त्यांपैकी एका उपायाविषयी, म्हणजे किनाऱ्यावरील मुलामुलींस कोंबड्या व ससे निर्धोकपणे आणि उत्तम प्रतीचे पाळावयास शिकविण्याविषयी, आज आम्हांस आपणांपुढे निवेदन करावयाचे आहे.

वकिलाने कोंबड्यांविषयी बोलावे याचे कित्येकांस आश्चर्य वाटेल. आम्ही तीस वर्षे कोर्टात पक्षकारांची बाजू मांडली. खुराड्याची बाजू मांडण्याचा हा प्रसंग नवीन आहे. तथापि वकिलास एक खोड असते: पुरावा पाहिल्याशिवाय तो बोलत नाही, आणि आपल्याच पक्षाची चूक दिसली तर ती आधी कबूल करणे शहाणपणाचे, हे त्यास अनुभवाने कळलेले असते. त्या खोडीस अनुसरून आम्ही आरंभ आमच्या चुकीपासूनच करतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर या भागांत एका दुपारी पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ पडले, पोफळी मधोमध मोडल्या. ज्या गृहस्थांची वाडी गेली त्यांचे दुःख त्यांनाच ठाऊक. परंतु ज्यांची स्वतःची वाडी कधी नव्हतीच, जे त्या वाडीत शिंपणे करीत, नारळ उतरवीत, सुपारी सोलीत आणि त्यावर घर चालवीत, त्यांचे नाव कोणत्याही पंचनाम्यात आले नाही. नारळाचे रोप लावले तर फळास पाचसात वर्षे लागतात, पोफळीचेही तसेच. तोवर त्या घराने काय करावे? त्याच वर्षी टाळेबंदीमुळे मुंबईची नोकरी सुटून माघारी आलेली मुले त्या घरांत होती, हेही विसरता येत नाही.

आम्ही हिशेब केला. कोंबडीचे पिलू पाचसहा महिन्यांत अंड्यावर येते. त्यास मोठी जमीन लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. तेव्हा आम्ही देणगीदारांच्या पैशातून पिले आणविली, एका शाळेच्या पटांगणात मांडव घातला, आणि पाहुण्यांच्या हस्ते ती गरजू कुटुंबांस वाटली. छायाचित्रे निघाली. त्या वर्षीच्या अहवालात ती छापलीही आहेत. आपणांपैकी पुष्कळांजवळ तो अहवाल असेल.

दिवाळीच्या सुमारास आम्ही ती घरे पाहावयास गेलो, तेव्हा बहुतेक खुराडी रिकामी होती. काही पिले पावसाच्या ओलीने गारठून गेली होती, काही मुंगसाने नेली होती, आणि उरलेल्यांतील पुष्कळशी मानमोडीने चार दिवसांत संपली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांस ओटीवर बसवून पाणी दिले आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, पिलं दिलीत, उपकार झाले. पण त्यांना दुखलं-खुपलं तर कोणाला विचारायचं, ते काही सांगितलं नाहीत." त्या बाईंच्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोष पिले देणाऱ्या उबवणीचा नव्हता, घेणाऱ्या गरिबांचा तर मुळीच नव्हता. दोष आमचा होता. आम्ही जिवंत वस्तू दिली, आणि ती जिवंत ठेवण्याची विद्या दिली नाही.

त्या दिवसापासून समितीने नियम केला की, आधी शिक्षण आणि मग पिले. शिक्षण कोणास द्यावे याचाही विचार झाला. घरातील वडील माणसे मजुरीस किंवा होडीवर जातात. कोंबड्यांकडे पाहतात ती आजी आणि मुले. म्हणून आम्ही चौदा वर्षांवरील, शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचे वर्ग सुरू केले. आठवड्यातून एक वेळ, शाळा सुटल्यावर. शाळा सोडणाऱ्यास वर्गात घेत नाही, हा पहिला नियम. कारण मुलाच्या हातून पाटी काढून कोंबडी देणे ही मदत नव्हे.

आता या वर्गांत काय शिकवितात ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपला पैसा त्यावरच खर्च होतो.

पहिला पाठ जागेचा. पिलांस पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि पुढे दर आठवड्यास ती थोडी थोडी उतरवावयाची. परंतु मुलांस आम्ही उष्णतामापकाआधी पिलांकडे पाहावयास शिकवितो. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांस थंडी वाजत आहे. भिंतीकडे पळून चोच उघडून धापा टाकीत असली तर उकडत आहे. सर्वत्र सारखी पसरली तर ठीक आहे. जमिनीवर भाताच्या तुसाची दोनतीन बोटे जाड गादी करावी आणि ती रोज हलवावी. आमच्या हवेत पावसाळ्यात ही गादी ओली होते, आणि ओल्या गादीतूनच रक्ती हगवण पसरते. गादीची मूठ दाबून पाहावी: गोळा झाला तर ओल आहे, तूस बदलावे. खुराडे जमिनीपासून उंच असावे आणि जाळी इतकी बारीक असावी की मुंगसाचे तोंड आत जाणार नाही.

दुसरा पाठ खाद्याचा, आणि त्यात या किनाऱ्याचे लाभ व धोके दोन्ही आहेत. शिंपल्या येथे फुकट मिळतात. त्या धुऊन, भाजून, कुटून दिल्या तर अंड्याचे कवच मजबूत होते. सुक्या मासळीचा चुरा हा पिलांच्या वाढीस उत्तम. परंतु तो बिनमिठाचा असावा. खारविलेल्या मासळीचा चुरा घातला तर पिले तहानेने तळमळून मरतात, आणि लोक समजतात की रोग आला. आमच्या पहिल्या वाटपातील काही पिले अशीच गेली असावीत, असे आता वाटते. तिसरी गोष्ट बुरशीची. पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड व मका यांस बुरशी येते, आणि त्या बुरशीचे विष डोळ्यांस दिसत नाही. इंग्लंडात १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले, तेव्हा कारण शोधता शोधता भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले आणि शास्त्रज्ञांनी त्यास अफ्लाटॉक्सिन असे नाव दिले. जे इंग्लंडातील मोठ्या पशुपालकांस ठाऊक नव्हते ते आज मुरुडच्या खेड्यातील मुलगी जाणते, आणि वास येणारे खाद्य "कोंबडीच तर खाणार" असे न म्हणता पुरून टाकते. विद्येचा लाभ याहून निराळा काय असावा?

तिसरा पाठ रोगाचा. मानमोडी, जिला पशुवैद्य राणीखेत म्हणतात, तिच्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, पुढे चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास कातडीखाली टोचणी. मध्यंतरी दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस, आणि पुढे देवीची. इतके साधे काम असता गरिबांच्या कोंबड्या का मरतात? याचे कारण आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. लशीची बाटली शंभर, दोनशे किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते. ती बर्फाच्या पेटीतच राहिली पाहिजे, आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपविली पाहिजे. ज्याच्या घरी दहाच पक्षी, त्याने ती बाटली का आणि कशी आणावी? म्हणजे मानमोडी टाळणे हे एकट्या गरिबाच्या हातात नाही. सारी वाडी एके सकाळी एकत्र आली तरच ते होते. म्हणून आमच्या वर्गातील मुले लसीचा दिवस ठरवितात, आदल्या संध्याकाळी घरोघर सांगत फिरतात, पहाटे कोंबड्या खुराड्यातून सुटण्यापूर्वी पेटी घेऊन निघतात, आणि शेजाऱ्यांच्याही पक्ष्यांस लस देतात. मोठ्यांस जी एकी साधली नाही ती या मुलांनी बर्फाच्या एका पेटीभोवती साधली आहे.

चौथा पाठ आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो, तो सचोटीचा. अंडे विकत घेणारा मनुष्य त्याच्या आत पाहू शकत नाही. तो विकणाऱ्याच्या शब्दावर खातो. कोंबडीस औषध दिले असेल तर ठरलेले दिवस संपेपर्यंत तिचे अंडे व मांस विकावयाचे नाही, मग बाजारात भाव कितीही असो. वाढ लवकर व्हावी म्हणून प्रतिजैविके पाण्यात घालावयाची नाहीत. कोलिस्टिन नावाचे औषध मनुष्याच्या दुर्धर आजारात वैद्यांच्या अखेरच्या शस्त्रांपैकी एक आहे. ते खाण्याच्या पशुपक्ष्यांस देण्यास भारत सरकारने २०१९ साली मनाई केली, ती याच कारणास्तव. खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवावयाचे, तडकलेले अंडे विकावयाचे नाही, पक्षी बाजारात नेताना पाय बांधून सायकलीच्या दांड्यास उलटे टांगावयाचे नाहीत. पशूंस क्रूरतेने वागविणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे; परंतु आम्ही मुलांस कायद्याआधी असे सांगतो की, जो जीव तुमचे घर चालवितो त्यास विनाकारण क्लेश देणे हे कृतघ्नपणाचे आहे.

प्रत्येक मुलाजवळ एक वही असते. किती पिले आली, किती मेली व कशाने, खाद्य किती लागले, अंडी किती, विकली किती, घरी खाल्ली किती, लस कोणत्या तारखेस. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून खेड्यांतील मुलामुलींची मंडळे अशाच वह्या ठेवीत आली. पुढे त्या चळवळीस डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून फोर-एच असे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात अंड्यांवर रेशन होते, तेव्हा ज्या घरांनी आपले अंड्यांचे रेशन सोडून दिले त्यांस कोंबड्यांसाठी खाद्य मिळे, आणि सशांची मंडळेही निघाली होती. संकटाच्या काळी परसातला पक्षी हा मोठमोठ्या राष्ट्रांनीही तुच्छ मानला नाही. वहीविषयी वकील म्हणून आमचे मत इतकेच की, स्मरण हा कच्चा पुरावा आणि वही हा पक्का पुरावा. ज्या मुलाने वर्षभर वही ठेवली त्यास सावकार फसवू शकत नाही, आणि तो स्वतःसही फसवू शकत नाही.

जातींविषयी दोन शब्द. गावठी कोंबडी चपळ व काटक; ती खुडूक बसून आपली पिले आपणच काढते, परंतु वर्षास सुमारे ६० अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसात पाळण्यासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती शंभराहून अधिक देतात. मात्र त्या खुडूक बसत नाहीत, आणि त्यांस लस व खाद्य वेळेवर लागते. म्हणून दोन्ही थोड्या थोड्या ठेवाव्या, आणि गावठी कोंबडीच्या खाली दुसऱ्या जातीची अंडी ठेवून २१ दिवसांनी पिले काढावी, असा आमचा सल्ला असतो.

आता सशांविषयी. येथे आम्ही आपणांस हात आखडता घेण्याची विनंती करणार आहो, याचे नवल वाटेल. ससा हा गरीब, शांत प्राणी. मादी ३० ते ३२ दिवसांत विते आणि बहुधा सहा ते आठ पिले देते. राजस्थानातील अविकानगरच्या संस्थेने व तिच्या कोडाईकनालजवळील केंद्राने त्यावर पुष्कळ काम केले आहे. परंतु कोडाईकनालची थंड हवा आणि अलिबागचा वैशाख यांत अंतर आहे. सशास घाम येत नाही. तो कानांवाटे उष्णता टाकतो. कडक उन्हाळ्यात नर काही काळ निर्बीज होतो आणि गाभण मादी दगावण्याची भीती असते. म्हणून आमच्या मुलांस आम्ही ससे देतो ते दोनचारच, आणि तेही ज्याच्या घराभोवती दाट सावली आहे त्यासच. पिंजऱ्यावर ओले गोणपाट, वाळलेले गवत भरपूर, तारेच्या तळावर पाय सोलू नयेत म्हणून एका कोपऱ्यास लाकडी फळी, आणि पिले होण्याच्या आधी गवत घातलेली पेटी. माणसास वा कोंबडीस चालणारी कित्येक प्रतिजैविके सशास पोटातून दिली तर तो मरतो, म्हणून पशुवैद्यास विचारल्याविना औषध नाही. आणि रानातील ससा पकडून पिंजऱ्यात घालणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. कारण आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने तसा ससा आणून दाखविला होता. त्याच संध्याकाळी तो त्याच्याच हस्ते डोंगरात सोडून देण्यात आला.

सशांचा बाजार या किनाऱ्यावर अद्याप लहान आहे. "आमच्याकडून जोड्या घ्या, पिले आम्हीच परत विकत घेऊ" असे सांगणारे लोक येतात. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या बाजूने चाललेला कडकनाथ कोंबडीचा व्यवहार कोसळला, तेव्हा शेकडो शेतकऱ्यांनी ठेवी व कर्जे घालविली. तेथेही परत खरेदीचेच आमिष होते. कडकनाथ हा झाबुआकडील अस्सल पक्षी, त्याचा काय दोष? दोष त्या कागदाचा होता, जो कोणी वाचला नव्हता. म्हणून आमच्या वर्गात एक पाठ आम्ही स्वतः घेतो: छापील करारनामा कसा वाचावा. भाव कोण ठरविणार, पक्षी मेल्यास तोटा कोणाचा, पैसे किती दिवसांत, आणि कंपनी नाहीशी झाल्यास तिचा पत्ता काय. या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील तर सही करू नये.

गृहस्थहो, ज्या गोष्टीमुळे या शिक्षणाची निकड आम्हांस पूर्णपणे कळली ती आता सांगतो. २०२५ च्या जानेवारीत याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. जे चिरनेर आपण १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे आदराने ओळखतो, त्याच गावात सरकारी पथकांस पक्षी नष्ट करावे लागले. महाराष्ट्राने हे संकट यापूर्वी २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात पाहिले आहे. देशात हा रोग प्रथम तेथे आढळला, लाखो पक्षी मारले गेले, आणि जेथे रोग नव्हता तेथील व्यापाऱ्यांचाही माल पडून राहिला. नियम असा की रोगाच्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतील पक्षी नष्ट करावयाचे, आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवावयाची. २००९ च्या पशुरोग कायद्याप्रमाणे रोगाचा संशय आल्यास पालकाने कळविणे हे बंधनकारक आहे. सरकारी हुकुमाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. जे आधीच मेले त्यांची मिळत नाही. म्हणजे जो लपवितो तो भरपाईही गमावितो. परंतु हा साधा हिशेब खेड्यात कोणी सांगत नाही, आणि भीतीने मेलेल्या कोंबड्या रात्री खाडीत टाकल्या जातात. तेथून रोग कोठवर जाईल हे कोण सांगू शकेल?

त्या महिन्यात आमच्या एका वर्गातील मुलीच्या घरी दोन दिवसांत चार कोंबड्या मेल्या. शेजाऱ्यांनी सांगितले, "बोलू नकोस, साऱ्या वाडीच्या कोंबड्या मारतील, आणि तुझ्या नावाने लोक बोटे मोडतील." तिच्या वडिलांचेही मत तेच पडले. मुलीने वही उघडून वडिलांस दाखविली: दुसऱ्या लसीच्या दिवशी ती आजारी मामाकडे गेली होती, आणि त्या चार पक्ष्यांची लस चुकली होती. "मानमोडी असेल तर सरकार काही मारणार नाही; आणि दुसरे काही असेल तर आपल्या घरात धाकटा भाऊ आहे," असे ती म्हणाली. वडील काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन खबर दिली. नमुना तपासणीस गेला. उत्तर येईपर्यंत त्या घराशी कोणी बोलले नाही, विहिरीवरही नाही. उत्तर आले ते मानमोडीचे. वाडीने सुटकेचा श्वास टाकला, आणि पुढच्या लसीच्या सकाळी ज्यांनी पूर्वी दार उघडले नव्हते त्यांनीही खुराडी उघडली.

आम्ही विचार करतो की उत्तर निराळे आले असते तर? त्या मुलीचे दहा पक्षी गेले असते, वाडीचे सारे गेले असते, आणि कदाचित कित्येक दिवस तिला गावात तोंड दाखविणे कठीण झाले असते. तरीही तिने केले ते बरोबरच ठरले असते. आम्ही मुलांस असे कठीण काम शिकवितो. मग त्या मुलांच्या पाठीशी उभे राहणे हे आमचे व आपले कर्तव्य होय. म्हणून समितीने ठरविले आहे की, आमच्या वर्गातील ज्या मुलाने रोगाची खबर वेळेवर दिली आणि त्यामुळे त्याच्या वाडीचे पक्षी गेले, त्या वाडीस सरकारी भरपाईची वाट न पाहता नवी पिले व खाद्य द्यावयाचे. यासाठी एक निराळा राखीव निधी हवा आहे. आजच्या निवेदनातील ही मुख्य मागणी आहे.

काही आक्षेप आमच्या कानांवर आले आहेत. त्यांस उत्तर देणे उचित.

आपणांपैकी कित्येक व्यापारी बंधू अहिंसाधर्म पाळतात, आणि कोंबड्या-सशांच्या कामास पैसा देणे त्यांच्या मनास रुचत नाही. या भावनेचा आम्ही पूर्ण आदर करतो. कोणाचाही पैसा त्याच्या धर्माविरुद्ध खर्च होऊ नये, म्हणून खाती वेगळी ठेवली आहेत. ज्यांस या कामास द्यावयाचे नाही त्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी, शालेय पुस्तकांसाठी किंवा रोपांसाठी द्यावे. पावतीवर ज्या कामाचे नाव असेल त्याच कामास रक्कम लागेल, आणि ती वही कोणत्याही दिवशी तपासावयास खुली आहे.

दुसरा आक्षेप जमीनदार गृहस्थांचा. पडीक जागेवर वर्गासाठी छप्पर घालू दिले तर पुढे कोणी कूळ म्हणून हक्क सांगेल, अशी त्यांस भीती वाटते. १९४८ च्या कुळकायद्याच्या आठवणी अनेक घरांत अद्याप ताज्या आहेत. त्याबद्दल आमचे उत्तर असे की, जागा समितीस अकरा महिन्यांच्या लेखी परवानगीने द्यावी. तेथे शेती होणार नाही, कोणी राहणार नाही, आणि कागद आम्ही स्वतः विनामूल्य करून देऊ. एक गुंठा सावलीची जागा म्हणजे वीस मुलांची शाळा होते.

तिसरा आक्षेप असा की, मोठमोठ्या कंपन्यांच्या ब्रॉयलरपुढे दहा कोंबड्यांचा काय टिकाव? हे खरे आहे की मांसाच्या बाजारात त्यांच्याशी स्पर्धा करणे शक्य नाही, आणि आम्ही तसे करीतही नाही. आमच्या मुलांची अंडी पहिल्याने त्यांच्याच घरात खाल्ली जातात. उरलेली अलिबाग, काशीद, दिवेआगर येथे येणाऱ्या पाहुण्यांच्या घरगुती खानावळींत जातात, जेथे गावठी अंड्यास निराळा भाव मिळतो. या उद्योगाने कोणी श्रीमंत होणार नाही. परंतु श्रावणात जेव्हा होड्या बंद असतात आणि मजुरी मिळत नाही, तेव्हा तेलमिठाचे पैसे सावकाराकडून न घेता खुराड्यातून निघतात. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून एक धडा घेतला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. संकटात मनुष्यास काम देणे हा उपकार नसून त्याचा हक्क आहे, असे त्या कायद्याचे तत्त्व आहे. आमचे हे लहानसे काम त्याच तत्त्वाच्या छायेत चालले आहे.

तेव्हा आपणांस विनंती अशी. भातगिरणीवाल्यांनी कणी, कोंडा व तूस द्यावे. ते आपल्या आवारात पडूनच असते. मासळीच्या व्यापाऱ्यांनी बिनमिठाची सुकी मासळी द्यावी. बर्फाच्या कारखानदारांनी लसीच्या दिवशी पेटीभर बर्फ द्यावा. जमीनदारांनी सावलीची जागा द्यावी. आणि ज्यांच्याजवळ यांपैकी काही नाही, पण ईश्वरकृपेने पैसा आहे, त्यांनी राखीव निधीस यथाशक्ती द्यावे. जमाखर्च तपासनिसाच्या सहीने अहवालाच्या शेवटी जोडला आहे. मेलेल्या पिलांचा आकडाही त्यात लपविलेला नाही. २०२० चे ते छायाचित्र आम्ही या अहवालात पुन्हा छापले आहे, आणि त्याखाली त्या पिलांचे पुढे काय झाले तेही लिहिले आहे.

त्या म्हाताऱ्या बाई आज हयात नाहीत. त्यांच्या नातवाने गेल्या वर्गात नाव घातले. पहिल्या दिवशी आम्ही त्यास विचारले की, कोंबड्यांस दुखले-खुपले तर कोणास विचारशील? तो म्हणाला, "आधी वहीला, मग डॉक्टरांना." आजीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस बराच उशीर झाला. आपण साहाय्य केलेत तर दुसऱ्या वाडीत तो होणार नाही.